यमुनेपलीकडची दिल्ली

मराठी माणूस दिल्लीत येतो तो बहुधा मथुरेच्या वाटेने. झाशी-ग्वाल्हेरकडून येवो की कोट्याकडून, त्याची आगगाडी यमुनेच्या पश्चिम तीराने वर सरकत निजामुद्दीन गाठते, आणि दिल्लीपाशी यमुना न ओलांडताच त्याचा प्रवास संपतो. पुढे नोकरीची वर्षे सचिवालय, घर, मराठी मंडळाचा गणेशोत्सव आणि करोलबागेतला बाजार यांत निघून जातात. नदीपलीकडेही दिल्ली आहे हे त्याला ठाऊक असते. पण तेथे जाण्याचे कारण क्वचितच पडते. लखनौ-पाटण्याकडून बदली होऊन आलेल्यांची गोष्ट थोडी निराळी. गाझियाबाद सोडून जुन्या दिल्लीच्या स्थानकाकडे येणाऱ्या गाडीतून त्यांना पहिले दर्शन घडे ते शाहदऱ्याचे. मग लोखंडी पुलाचा खडखडाट, खाली नदीचे रुंद वाळवंट, आणि समोर सलीमगड व लाल किल्ला. ज्यांनी ही दिशा एकदा पाहिली, त्यांना दिल्लीचा इतिहास वेगळा दिसू लागतो असा आमचा अनुभव आहे. किल्ल्यातून नदीकडे पाहणे वेगळे आणि नदीपलीकडून किल्ल्याकडे पाहणे वेगळे. इतिहासकार बहुतेक किल्ल्यात बसून लिहितात; ज्यांनी दिल्ली घेतली ते मात्र पुष्कळदा पलीकडच्या तीरावर उभे होते.

शाहदरा या नावाचा अर्थ राजद्वार. याच नावाचे दुसरे गाव लाहोरजवळ आहे. तेथे जहांगीराची कबर आहे, आणि तेही रावी नदीच्या पलीकडेच वसलेले आहे. नदी ओलांडून राजधानीत शिरण्यापूर्वीचा शेवटचा मुक्काम, असे या दोन्ही गावांचे मूळ प्रयोजन दिसते. दिल्लीचे शाहदरे शहाजहानने वसविले व बादशाही फौजेला लागणारे धान्य तेथे साठवले जाई, असे जुनी गॅझेटियरे सांगतात. त्याच्या दक्षिणेस पटपडगंज. हिंदीत पटपर म्हणजे सपाट, उघडी जमीन. गंज म्हणजे आपल्याकडे जिला आपण पेठ म्हणतो ती. अंतर्वेदीतला, म्हणजे गंगा-यमुनांच्या मधल्या सुपीक पट्ट्यातला गहू, डाळ, गूळ बैलगाड्यांतून या दोन पेठांत यायचा आणि तेथून नावांनी शहरात जायचा. शहाजहानाबादेची तटबंदी, तिचे दरवाजे आणि चांदणी चौक यांची वर्णने पुष्कळ झाली आहेत. त्या शहराची चूल कोणाच्या धान्यावर पेटत होती, हा प्रश्न मात्र वर्णनकारांना फारसा सुचलेला दिसत नाही. दिल्लीचे पोट नदीपलीकडे होते, आणि पोट ज्याच्या हाती त्याला तट फोडण्याची घाई नसते.

ही गोष्ट आपल्या माणसांना १७६० मध्ये फार महाग पडली. त्या वर्षीच्या जानेवारीत दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर पडले ते पलीकडून नदी उतरून आलेल्या सैन्याशी लढताना. ऑगस्टच्या आरंभी सदाशिवरावभाऊंनी दिल्लीचा किल्ला घेतला. हा विजय आपल्या बखरींनी मोठ्या उत्साहाने वर्णिला, आणि त्यात उत्साह वाटण्यासारखे होतेच. परंतु नदीला पावसाळ्याचे पाणी चढलेले होते, अब्दालीची छावणी पलीकडच्या तीरावर होती, आणि अंतर्वेद शत्रूच्या हाती होती. राजधानी मिळाली पण तिची पेठ मिळाली नाही. भाऊंनी दिवाण-इ-खासच्या छताची चांदी काढून तिचे रुपये पाडले. त्याबद्दल त्यांना पुष्कळांनी बोल लावला आहे. आम्हांस त्यात वेगळीच करुण गोष्ट दिसते. चांदीचे रुपये पाडता येतात, पण त्या रुपयांनी विकत घ्यायचा गहू यमुनेपलीकडे असला तर रुपये खाता येत नाहीत.

पुढे ऑक्टोबरात भाऊ कुंजपुऱ्याकडे गेले, अब्दालीने बागपतजवळ नदी उतरून त्यांच्या व दिल्लीच्या मध्ये तळ दिला, आणि दोन्ही फौजा पानिपतावर समोरासमोर अडकून पडल्या. त्या कोंडीत मराठ्यांची एकच आशा होती: अंतर्वेदीतून गोविंदपंत बुंदेले यांनी शत्रूची रसद मारावी आणि आपली चालू ठेवावी. गोविंदपंत त्या वेळी वृद्ध होते. मुलकी कारभारात त्यांचा जन्म गेला होता आणि लष्करी धामधुमीची त्यांना फारशी सवय नव्हती. तरी त्यांनी शत्रूचे धान्य अडवून अब्दालीच्या छावणीत टंचाई उत्पन्न केली, हे त्यांच्या नावावर जमा धरले पाहिजे. डिसेंबरात अब्दालीचा सरदार अताईखान चालून आला. दिल्लीचे किल्लेदार नारो शंकर यांची एक तुकडी शाहदऱ्यास होती. ती प्रथम कापली गेली. मग गाझियाबादची. मग जलालाबादेस गोविंदपंत स्वतः मारले गेले. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली; पण उपाशी पोटी ती लढावी लागणार हे जवळजवळ महिनाभर आधी शाहदरा ते जलालाबाद या थोड्याशा टापूत ठरून गेले होते. भाऊसाहेबांच्या गोलाच्या लढाईवर आपल्याकडे ग्रंथच्या ग्रंथ आहेत. शाहदऱ्याच्या त्या तुकडीवर एखादे पानही क्वचितच सापडते.

तीन वर्षांनी याच परिसरात, हिंडन नदीकाठी, भरतपूरचा राजा सूरजमल नजीबखानाशी लढताना पडला. तो दिवस २५ डिसेंबर १७६३. त्याच्या नावाची एक वसाहत आज तेथे आहे, आणि तेथील रहिवाशांना विचारले तर बहुतेक जण त्याचे नाव अभिमानाने सांगतात. जाटांनी आपली आठवण त्या जागी ठेवली, हे आम्ही मुद्दाम नोंदवून ठेवतो.

मराठे १७७१ मध्ये पुन्हा दिल्लीत आले. जानेवारी १७७२ मध्ये त्यांनी शहा आलमला अलाहाबादेहून आणून तख्तावर बसविले, आणि १७८४ अखेरीस महादजी शिंदे बादशाहीचे सर्वाधिकारी झाले. या काळाची दिल्लीहून पुण्यास गेलेली पत्रे द. ब. पारसनिसांनी ‘दिल्ली येथील मराठ्यांची राजकारणे’ या नावाने छापली. परक्या प्रांतात वर्षानुवर्षे राहून वरिष्ठांना अहवाल पाठविणाऱ्या माणसांची ती पत्रे आहेत. आमच्या वाचकांपैकी कित्येकांना ती वाचताना आपल्याच फायली चाळल्यासारखे वाटेल: पैसा वेळेवर येत नाही, हुकूम स्पष्ट नाही, इकडची परिस्थिती तिकडे कोणाला कळत नाही.

तरीही नदीपलीकडचा धोका गेला नव्हता. १७८७ मध्ये लालसोटच्या मोहिमेत महादजींचा जम ढळला, तेव्हा रोहिल्यांचा गुलाम कादर शाहदऱ्यास येऊन बसला. महादजींचे जावई लाडोजी शितोळे देशमुख त्या वेळी दिल्लीत होते. गुलाम कादरावर पाठविलेल्या फौजेचा पलीकडच्या तीरावर मोड झाला, आणि मराठ्यांना शहर सोडावे लागले. गुलाम कादराने पूर्व तीरावरून किल्ल्यावर तोफा डागल्या. त्या वेळी त्याचे साधले नाही. पण पुढच्या वर्षीच्या जुलैत तो त्याच वाटेने पुन्हा आला, आतल्या फितुरीने किल्ल्यात शिरला, आणि १० ऑगस्ट १७८८ रोजी त्याने वृद्ध बादशहाचे डोळे काढले. महादजींच्या माणसांनी त्याचा पाठलाग करून डिसेंबरात त्याला पकडले व पुढे ठार केले. अंध शहा आलम त्यानंतर पंधरा वर्षे मराठ्यांच्या छत्राखाली तख्तावर होता.

त्या पंधरा वर्षांत यमुनेपलीकडे काय चालले होते, हे ध्यानात घेतल्याशिवाय १८०३ चा उलगडा होत नाही. महादजींनी कवायती पलटणी उभारल्या, त्यांचे कंपू बांधले आणि त्यांच्या खर्चासाठी अंतर्वेदीतला मोठा मुलूख दि बॉयन या सेनापतीस जायदाद म्हणून तोडून दिला. अलीगड त्याचे ठाणे. ही व्यवस्था कार्यक्षम होती यात शंका नाही. शिपायांना पगार वेळेवर मिळे, आणि त्या काळी ही गोष्ट दुर्मिळच होती. पण तीत एक मोठी मेख होती. दिल्लीचे पोट ज्या मुलुखात, तोच मुलूख परक्या अधिकाऱ्याच्या स्वाधीन झाला. दि बॉयन धन्याशी एकनिष्ठ राहिला. तो गेल्यावर आलेल्या पेराँचे लक्ष आपली ठेव सुरक्षित कशी बाहेर काढावी इकडे अधिक होते. महादजी १७९४ मध्ये वारले. दौलतराव दक्षिणेच्या राजकारणात गुंतले. अंतर्वेदीत शिंद्यांचे राज्य होते, परंतु शिंदे तेथे नव्हते.

इंग्रजांशी युद्ध जुंपले तेव्हा जनरल लेकने ४ सप्टेंबर १८०३ रोजी अलीगड घेतले. पेराँने शिंद्यांची चाकरी सोडून इंग्रजांचा आश्रय धरला. दिल्लीतल्या फौजेची सूत्रे लुई बुर्कँ या दुसऱ्या फ्रेंच माणसाकडे आली. त्याने यमुना ओलांडून पटपडगंजाच्या दक्षिणेस, नदी आणि हिंडन यांच्या मधल्या सपाटीवर तोफा मांडल्या. ११ सप्टेंबरला, भर उन्हात अठरा मैल चालून लेकचे सैन्य हिंडनजवळ पोचले आणि तंबू ठोकू लागले, तोच शिंद्यांची फौज समोर असल्याचे कळले. लेकपाशी साडेचार हजारांच्या आसपास माणसे होती. बुर्कँपाशी त्याच्या कित्येक पट, आणि सुमारे सत्तर तोफा. शिंद्यांच्या फौजेची जागा उत्तम होती. समोर उंच गवत, बाजूंना दलदल. अशा मोर्चावर सरळ हल्ला करणे आत्मघातकी ठरले असते. लेकने घोडदळ पुढे नेले, त्यावर तोफा सुटल्या, स्वतः लेकचा घोडा त्याच्याखाली पडला. मग घोडदळ मागे हटू लागले. शत्रू पळाला अशा समजुतीने शिंद्यांच्या पलटणी गर्जना करीत मोर्चे सोडून बाहेर आल्या. मागे हटणारे घोडदळ दोन्ही बाजूंना फाकले, त्यामागून इंग्रजांचे पायदळ संगिनी रोखून पुढे आले, आणि पुढचा प्रकार थोड्याच वेळात आटोपला. पळ काढणाऱ्यांच्या पाठीशी यमुना होती. कित्येक तीतच बुडाले. इंग्रजांचे मेलेले व जखमी मिळून चारशेंहून अधिक. शिंद्यांची हानी सुमारे तीन हजार धरतात. अडुसष्ट तोफा लेकच्या हाती लागल्या.

बुर्कँने तीन दिवसांनी शरणागती पत्करली. लेक नदी ओलांडून १६ सप्टेंबरला किल्ल्यात गेला, तेव्हा फाटक्या छताखाली बसलेला अंध म्हातारा बादशहा त्याला भेटला. त्यानंतर आठवड्याच्या आत दक्षिणेत असई झाली, नोव्हेंबरात लासवारी, आणि ३० डिसेंबरच्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने शिंद्यांनी दिल्ली, आग्रा आणि अंतर्वेद सोडून दिली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी दिल्लीस वेढा घातला खरा, पण आठवड्याभरात तो उठवावा लागला.

या पराभवाकडे ‘आपला’ म्हणून पाहताना थोडे थांबले पाहिजे असे आम्हांस वाटते. पटपडगंजावर शिंद्यांच्या बाजूने जे मेले त्यांपैकी मराठी बोलणारे थोडेच असतील. कंपूतले शिपाई बहुतांशी अवध आणि पूर्वेकडचे. लेकच्या देशी पलटणींतले शिपाईही तिकडचेच. एकाच टापूतले, कदाचित एकाच गावचे लोक दोन्ही बाजूंना उभे होते, आणि दोन्हीकडे हुकूम देणारे युरोपीय होते. निशाण तेवढे शिंद्यांचे. म्हणूनच की काय, या लढाईला पोवाड्यांचे आणि बखरींचे ते प्रेम मिळाले नाही. पानिपतात आपली घरे उजाड झाली. तिथले दुःख घरोघर पोचले. पटपडगंजचे दुःख अवधच्या खेड्यांत गेले. महाराष्ट्रात पोचली ती केवळ बातमी. पण सत्तेच्या हिशेबाने पाहिले तर पानिपतानंतर दहा वर्षांत मराठे दिल्लीत परत आले होते. पटपडगंजानंतर ते परत येणे झाले नाही.

१८५७ मध्येही तीच दिशा. ११ मेच्या सकाळी मेरठचे स्वार पूर्व तीरावर आले, टोलनाक्याला आग लावून नावांच्या पुलावरून किल्ल्याकडे गेले. तारेचा मेरठशी संपर्क तुटला म्हणून दिल्लीच्या तार-कचेरीचा प्रमुख टॉड हा दोष शोधण्यास पुलाकडे गेला, तो परत आला नाही. नंतर इंग्रजांनी नावांचा पूल मोडून लोखंडाचा बांधला. १८६६ मध्ये तो पुरा झाला. बारा गाळे, रूळ वर आणि रस्ता खाली. सलीमगडावरून तो आगगाडीला थेट शहरात घेऊन गेला. ज्या तीरावरून धोका येई, तेथूनच पलटणी वेळेवर पोचाव्यात हा त्यातला मतलब उघड होता. शाहदऱ्याचे मात्र यात नुकसान झाले. धान्य पूर्वी येथे उतरत असे, ते आता न थांबता शहरात जाऊ लागले. राजद्वाराचे रेल्वे-स्थानक झाले. १९०७ मध्ये मार्टिन कंपनीने शाहदऱ्याहून सहारणपूरपर्यंत अरुंद रुळांची गाडी चालू केली; ती १९७० पर्यंत ऊस, गूळ आणि अंतर्वेदीतली माणसे वाहून आणीत राहिली.

हे सारे होईपर्यंत शाहदरा दिल्लीत नव्हतेच. मेरठ जिल्ह्याच्या गाझियाबाद तहसिलीतले ते एक लहानसे शहर होते. राजधानी कलकत्त्याहून हलल्यावर, १९१५ मध्ये, एका अधिसूचनेने गाझियाबादेकडची पासष्ट गावे दिल्ली प्रांतात आली, आणि एका दिवसात नदीपलीकडचे लोक दिल्लीकर झाले. अधिसूचनेने गावे हलतात, मने हलत नाहीत, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. बेळगावचे उदाहरण आपल्या घरचे आहे. १९५८ मध्ये महापालिका झाली तेव्हा शाहदऱ्याची नगरपालिका तीत विलीन झाली. २०१२ मध्ये शाहदरा हा दिल्लीचा स्वतंत्र महसुली जिल्हा झाला. तरीही जुन्या शहरातला माणूस त्या बाजूला ‘जमनापार’ म्हणतो आणि म्हणताना नाक किंचित मुरडतो.

त्या नाक मुरडण्याला कारणे शहरानेच निर्माण केली आहेत. शहराला जे जवळ नको होते, ते त्याने नदीपलीकडे पाठविले. ताहिरपूरला कुष्ठरोग्यांची वसाहत. शाहदऱ्याला १९६६ मध्ये वेड्यांचे इस्पितळ. आपल्याकडे ठाणे किंवा येरवडा यांचे नाव जसे थट्टेत घेतात तसे दिल्लीकर शाहदऱ्याचे घेत. १९८४ पासून गाझीपूरला कचऱ्याचा डोंगर. आणि माणसेही. फाळणीनंतर निर्वासितांच्या वसाहती येथे उभ्या राहिल्या. त्यांतल्या गांधीनगरने तयार कपड्यांचा एवढा मोठा व्यापार उभा केला की देशभरचे दुकानदार तेथे माल भरायला येतात. पुढे झोपड्या हटविण्याच्या योजनेत १९६० च्या सुमारास कुटुंबाला ऐंशी चौरस यार्डांचा तुकडा देण्याचे ठरले होते. तो कमी होत होत पंचवीसवर आला. आणीबाणीत, १९७५ ते १९७७ या काळात, त्रिलोकपुरी, कल्याणपुरी, नंदनगरी अशा वसाहतींत माणसांना ट्रकमधून आणून सोडले. एप्रिल १९७६ मध्ये तुर्कमान दरवाजापाशी ज्यांची घरे पाडली, त्यांतली कितीतरी कुटुंबे पुलावरून इकडे आली.

ही वाटणी कोणी केली? नकाशे कोणी काढले, रजिस्टरे कोणी लिहिली? आमच्यासारख्याच माणसांनी. सरकारी नोकरीत असलेल्या वाचकांना हे वाक्य कडू लागेल, आम्हांसही लिहिताना लागले. पंचवीस चौरस यार्ड हा आकडा कोणाच्या तरी टिपणीवर प्रथम उमटला असेल, आणि ती टिपणी लिहिणारा माणूस संध्याकाळी घरी जाऊन मुलांचा अभ्यास घेत असेल. त्रिलोकपुरीत नोव्हेंबर १९८४ च्या आरंभी शिखांची जी कत्तल झाली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ईशान्य दिल्लीत ज्या दंगली झाल्या, त्यांची कारणे एवढ्यानेच सांगता येतील असे आमचे म्हणणे नाही. पण २०११ च्या जनगणनेत ईशान्य दिल्ली जिल्ह्यात एका चौरस किलोमीटरमध्ये छत्तीस हजारांहून अधिक माणसे मोजली गेली, हेही विसरता येत नाही.

नदीने मात्र दोन तीरांत भेद केला नाही. १९७८ च्या महापुरात लोखंडी पुलापाशी पाणी २०७.४९ मीटरवर गेले. १३ जुलै २०२३ रोजी २०८.६६ वर, आणि त्या वेळी लाल किल्ल्याच्या तटापाशी पाणी आले. पुराची पातळी मोजायची जागा अजून तीच, पुलाखालची. दुसरीकडे, दिल्लीची मेट्रो डिसेंबर २००२ मध्ये प्रथम धावली ती शाहदरा ते तीस हजारी. नवी गोष्ट शाहदऱ्यापासून सुरू होण्याचा हा प्रसंग विरळाच. तिच्याही आधी पटपडगंजात नोकरदारांच्या सहकारी संस्थांची घरे झाली. आमच्या ओळखीच्या काही मराठी कुटुंबांनी निवृत्तीनंतर तेथे बस्तान बसविले. त्यांच्यापैकी एका वृद्ध स्नेह्यांना आम्ही १८०३ ची हकीकत सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले, आणि मग म्हणाले, “वीस वर्षे इथे राहतो, वीजबिलावर पटपडगंज लिहितो. कधी कळलेच नाही.”

रणभूमीची खूण आता दिल्लीत नाही. इंग्रजांनी उभारलेला स्तंभ उत्तर प्रदेशात, नोएडाच्या सेक्टर अडतीसमधल्या गोल्फच्या मैदानावर आहे. त्यावर लेकचे आणि बुर्कँचे नाव आहे. दर १४ जानेवारीला महाराष्ट्रातून आणि दिल्लीहून माणसे पानिपतला काळा आंब्यापाशी जमतात. आम्हीही गेलो आहोत. ११ सप्टेंबरला त्या मैदानावर कोणी मराठी माणूस गेल्याचे आमच्या ऐकण्यात नाही. गेल्या हिवाळ्यात आम्ही त्या स्नेह्यांना घेऊन तेथे गेलो. फाटकावरच्या रखवालदाराने काय काम म्हणून विचारले. लढाई पाहायची आहे, असे आमच्या स्नेह्यांनी सांगितले. रखवालदार अवधचा होता. त्याने आत फोन केला, थोडा वेळ ऐकून घेतले, आणि आम्हांला सावलीत बसायला खुर्च्या दिल्या.